पर्यटनाच्या पदवीतला 'उद्योजक' आणि कोकणातल्या दोन खोल्या

पर्यटन व्यवस्थापनाच्या पदवीत 'उद्योजकता विकास' हा पेपर आता इतका रुळला आहे की तो तिथे कुठून आला, हे कुणी विचारत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांची अडचण मात्र याच पेपरात होते. पुस्तकातला उद्योजक त्यांनी कधी पाहिलेला नसतो, आणि जे पाहिलेले असतात ते पुस्तकात नसतात. हा दोष मुलांचा नाही. विषय ज्या वाटेने कोकणात उतरला, त्या वाटेचा आहे.

ती वाट कारखान्यातून आली. १९६४ साली आंध्रातल्या काकीनाड्यात व्यावसायिकांचे एक प्रशिक्षण झाले. काहीतरी करून दाखवण्याची ईर्षा जन्मजात नसते, ती शिकवून वाढवता येते, हा एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा सिद्धान्त त्यामागे होता. पुढे गुजरातने लहान कारखानदार घडवण्यासाठी अशी प्रशिक्षणे सुरू केली. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली, १९८३ मध्ये अहमदाबादेत देशपातळीवरची संस्था उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राचे स्वतःचे केंद्र झाले. या साऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेड होती, यंत्र होते, कच्चा माल आणि कामगार होते. प्रकल्प अहवालाचा नमुनाही त्याच साच्यात पडला, आणि तोच नमुना आज पर्यटनाचा विद्यार्थी वीस गुणांसाठी भरतो.

विद्यापीठांच्या बाजूने पहिले मोठे पाऊल १९९४-९५ मध्ये पडले. पदवीच्या पहिल्या टप्प्यातच व्यवसायशिक्षण आणण्याची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने काढली. तिच्यातल्या पस्तीस विषयांत पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन हाही एक होता. पदवीधराला नोकरीची वाट पाहत बसावे लागू नये, हा हेतू चांगलाच होता.

कोकणात त्याच सुमारास काय चालले होते, ते पाहायला हवे. १९८१ मध्ये रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले. १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींचा आधार खिळखिळा केला. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून डोंगरउतारांवर आंबा-काजूची कलमे उभी राहू लागली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या दिवेआगरची गोष्ट यातच येते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तिथल्या एका वाडीत सोन्याचा गणपती सापडला, दर्शनाला माणसे लोटली आणि वाड्यावाड्यांतून 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशा पाट्या लागल्या. कुणी प्रकल्प अहवाल केला नाही, कुणी बाजारपेठेचा अभ्यास केला नाही. मार्च २०१२ मध्ये मूर्तीची चोरी झाली, गर्दी ओसरली, तरी त्यातल्या कितीतरी पाट्या उतरल्या नाहीत. कारण तोवर गिऱ्हाईक गणपतीइतकेच उकडीच्या मोदकांसाठी आणि समुद्रासाठी येऊ लागले होते. उद्योजकतेच्या वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता खरा गुंता. तो शब्दाचा आहे.

मराठीत 'उद्योग' म्हणजे कारखानाही आणि कुठलेही काम, खटाटोपही. 'नसते उद्योग' करणाऱ्याला कुणी उद्योजक म्हणत नाही. सरकारी भाषेत याच्या शेजारी 'स्वयंरोजगार' हा दुसरा शब्द बसला. १९९३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधानांच्या नावाची कर्ज योजना आली, तिच्यापासून तो घरोघरी पोचला. नोकरी मिळाली नाही म्हणून जे करायचे ते, असा त्याला वास लागला तो कायमचाच. मग २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या कायद्याने वस्तू बनवणाऱ्याच्या जोडीला सेवा देणाऱ्यालाही त्याच चौकटीत घेतले. खोली भाड्याने देणारा, होडी चालवणारा, सहल नेणारा हेही कागदोपत्री उपक्रमवाले झाले. पण हिंदीत 'उद्यम', मराठीत कुठे 'उपक्रम', कुठे 'उद्योग', आणि पाठ्यपुस्तकात 'उद्योजकता', असे चार शब्द एकाच मुलापुढे येतात आणि चारही जण वेगळे काही सांगत असल्यासारखे वाटते.

घरी पाचवीच भाषा. मालवणकडच्या बाईला तिच्या व्यवसायाबद्दल विचारा, ती म्हणेल, "धंदो कसलो? पावणे येतत, त्यांका जेवाक घालतंव." हा नुसता विनय नाही. तिच्या हिशेबात खोल्या, चार कलमे, नवऱ्याची होडी, मुंबईतल्या दिराने पाठवलेले पैसे आणि मे महिन्यातली आंबापोळी हे एकाच वहीत असते. पुस्तक विचारते, भांडवल किती, परतावा किती, वाढीचा दर किती? ती सांगते, यंदा मागची पडवी नीट केली. पडवी हेच भांडवल आणि तोच परतावा, हे तिथे मांडायला रकाना नाही.

वाढीच्या प्रश्नावर तर पुस्तक आणि किनारा समोरासमोर उभे राहतात. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या बसतात, बारा खाटांपर्यंत, आणि मालकाने तिथेच राहणे आवश्यक असते. सातवी खोली काढली की घर उरत नाही, हॉटेल होते. शिवाय १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू आहे. गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून दोनशे मीटरचा पट्टा नवीन बांधकामाला बंद झाला. २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलले, दाट वस्तीच्या गावांना थोडी सवलत मिळाली, तरी समुद्रालगतच्या घराने किती वाढायचे हे बऱ्याच अंशी कायद्यानेच ठरवलेले आहे. तेव्हा जी बाई वाढत नाही, ती महत्त्वाकांक्षा नसलेली, असा निष्कर्ष काढणारा पेपर तिच्यावर आणि तिच्या मुलीवर अन्याय करतो. मुलगी वर्गात बसून आपल्या आईचे घर 'निर्वाह पातळीवरील स्वयंरोजगार' या शीर्षकाखाली लिहिते आणि एखाद्या साखळी हॉटेलच्या मालकाला 'उद्योजक' म्हणून अधोरेखित करते.

गिरणगावातल्या खानावळी आठवा. पाळीपाळीने जेवायला येणाऱ्या गिरणी कामगारांचे डबे, महिन्याची उधारी, पगाराच्या दिवशीची वसुली, हे सारे कोकणातून गेलेल्या बायकांनी चालवले. घरगुती आदरातिथ्यातून पैसा उभा करण्याची परंपरा या मुलखाला नवी नव्हती. अभ्यासक्रमाने ती पाहिली नाही, एवढेच.

दुसरी संधी २०१४ मध्ये आली, व्यावसायिक पदवीच्या (बी.व्होक.) रूपाने. तीन वर्षांत १८० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, त्यांतले साठ टक्के कौशल्याचे. वर्षभराने पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय. पर्यटनाला ही रचना शोभणारी होती. नंतर २०२० चे शैक्षणिक धोरण आले आणि २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले. त्यात कार्यप्रशिक्षणाला चार श्रेयांक मिळाले, म्हणजे सुमारे १२० तासांचे प्रत्यक्ष काम. इथूनच एक वाद उभा राहतो, आणि तो लहान नाही. ज्या मुलीच्या घरीच पाहुणे उतरतात, तिने स्वतःच्या घरी केलेले १२० तास धरायचे की नाही?

नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. आई मुलीला प्रमाणपत्र देणार, तर त्यात तपासणी कुठली? बाहेर पडून दुसऱ्याची शिस्त पाहिल्याशिवाय काय शिकणार? पण दुसरी बाजू मला जास्त वजनाची वाटते. तिला पणजीतल्या किंवा मुंबईतल्या हॉटेलात धाडले, तर ती स्वागतकक्षावर उभी राहायला शिकते, म्हणजे नोकरीच शिकते. घरी मात्र आरक्षणाची वही, दर ठरवणे, रद्द झालेल्या बुकिंगचे पैसे, ऑनलाइन दलालांचे कमिशन आणि बांगड्याच्या भावाप्रमाणे थाळीचा दर बदलणे हे सारे तिच्या अंगावर येते. तपासणीच हवी, तर शेजारच्या गावातल्या दुसऱ्या यजमानीणबाईंनी येऊन वही पाहावी, प्राध्यापकांनी एक मुक्काम करावा. ते अवघड नाही.

वेळापत्रकाचा प्रश्न याहून जुना आहे आणि त्याच्याकडे कमी लक्ष गेले. कोकणाचा हंगाम दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे. विद्यापीठाच्या परीक्षा नेमक्या दिवाळीच्या आगेमागे आणि एप्रिल-मेच्या तोंडावर. मुले मोकळी होतात तोवर जून उजाडतो, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, तारकर्ली-देवबागच्या जलक्रीडा ऑगस्टअखेरपर्यंत बंद. गणपतीत गाड्या भरून येतात खऱ्या, पण ते चाकरमानी, आपापल्या घरी उतरणारे. त्यांच्या गर्दीला पर्यटन समजून केलेला प्रकल्प अहवाल पहिल्याच वर्षी कोसळतो.

गेल्या काही वर्षांत घडामोडी दाटीने आल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ उभी राहून उत्पन्न द्यायला वर्षे लागतात, म्हणून तिथल्या घरांना खोल्यांचा आधार आणखी लागू लागला. त्याच महिन्यात राज्याने आठ किनाऱ्यांवर पर्यटकांसाठी कुटी, म्हणजे 'शॅक', उभारण्याचे धोरण मान्य केले. त्यांत गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली होते आणि बहुतांश परवाने स्थानिकांसाठी राखले होते. त्याच वर्षी कृषी पर्यटनाचे धोरणही आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ सुरू झाला. २०२३ मध्ये पर्यटन व्यवसायातल्या महिलांसाठीचे राज्याचे 'आई' धोरण आले, पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देणारे. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे किल्ले 'मराठा लष्करी भूप्रदेशा'चा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

यातल्या प्रत्येक योजनेच्या अर्जाला प्रकल्प अहवाल लागतो, आणि गावात तो लिहू शकणारी बहुधा पर्यटनाची पदवी करणारी मुलगीच असते. आईच्या नावाने अर्ज, मुलीच्या हाताने हिशेब. व्यवसायाचे स्वरूप विचारणाऱ्या रकान्यात ती काय लिहिते, हे मी आवर्जून पाहतो. अजून तरी बहुतेक जणी 'घरगुती' असेच लिहितात.