स्वयंपाकघराचा आराखडा धुरापासून सुरू करावा

ग्रामीण घरातील स्वयंपाकघराची आखणी बहुधा ओट्यापासून सुरू होते. वस्तुतः जेथे सरपणावर स्वयंपाक होतो, तेथे धूर कोठून बाहेर पडणार हा प्रश्न आधी सोडवायला हवा, कारण चुलीची जागा ठरली की धुराडे, खिडकी आणि पाणी यांच्या जागाही जवळजवळ ठरूनच जातात.

धूर वर जातो तो केवळ गरम असल्यामुळे. 20 अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे 1.2 किलोग्रॅम भरते. 120 अंशांना तेवढ्याच जागेत सुमारे 0.9 किलोग्रॅम हवा मावते. या हलकेपणातून धुराड्यात ओढ निर्माण होते आणि धुराड्याची उंची व आतबाहेरच्या तापमानातील फरक जितका जास्त, तितकी ती वाढते. म्हणून धुराडे शक्यतो घराच्या आतून, उबदार राहील असे न्यावे, त्याला काटकोनातील वळणे देऊ नयेत आणि त्याचे तोंड आढ्याच्या वर काढावे. तसे न केल्यास छपरावरून उतरणारा वारा धूर पुन्हा आत लोटतो. जितकी हवा बाहेर जाते तितकीच आत यावी लागते, ही साधी गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत उत्तम धुराडेही निकामी ठरते, त्यामुळे भिंतीत खालच्या बाजूस एक झरोका हवाच.

सरपणाची कोरडी जागा हाही आराखड्याचाच भाग आहे. पूर्ण वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे 18 मेगाज्यूल उष्णता मिळते. ओल्या लाकडातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात त्यातील सुमारे 2.6 मेगाज्यूल खर्च होते, जाळ मंदावतो आणि अर्धवट ज्वलनामुळे धूर वाढतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे डोळे झोंबत नाहीत म्हणजे हवा स्वच्छ आहे, असे समजू नये.

आता शरीराचा विचार. उभ्याने कामासाठी ओटा कोपरापेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर खाली असावा, हे माप सर्वपरिचित आहे. परंतु चुलीपाशी हात ओट्यावर नव्हे, तर भांड्याच्या काठावर काम करतो. म्हणून चुलीखालचा कट्टा चुलीच्या आणि भांड्याच्या उंचीइतका खाली घ्यावा लागतो.

मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार महिलेने 1926 मध्ये फ्रँकफर्टमधील घरांसाठी सुमारे 1.9 बाय 3.4 मीटरचे स्वयंपाकघर आखले, ते पावले वाचवण्याच्या हिशेबाने. तेथे पाणी नळाला होते. जेथे पाणी आणि सरपण बाहेरून आणावे लागते, तेथे पावलांची मोजणी उंबरठ्याबाहेरूनच सुरू केली पाहिजे आणि या दोन्ही वस्तूंचा साठा मागच्या दाराजवळ ठेवला पाहिजे.

भिंती व छप्पर उभे राहिल्यावर, ओटा बांधण्यापूर्वी, चुलीच्या नियोजित जागी थोडा धूर करून पाहावा, एकदा दार उघडे ठेवून आणि एकदा लावून. तो तोंडावर येत असेल, तर जागा बदलणे अजून सोपे असते.