सोंड की घळ? आधी आकडा वाचा

पारसिक आणि खारघरचे डोंगर सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा-संस्थेच्या जुन्या क्रमांकानुसार ४७ ई/४ या टोपोशीटवर, म्हणजे डोंगरांचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर येतात. प्रबळगड ४७ एफ/१ वर आणि त्याच्या शेजारचं माथेरान ४७ एफ/५ वर, म्हणून तिकडे जाताना दोन्ही शीट घ्या. नव्या ओपन सिरीजचे नकाशे त्यांच्याच पोर्टलवर नोंदणी करून उतरवता येतात. इथवर बहुतेकांना जमतं. शिखर आणि खिंडही ओळखता येते.

घोटाळा होतो तो सोंड (डोंगरावरून खाली उतरत गेलेली धार) आणि घळ (दोन सोंडांमधली खोलगट ओढ्याची वाट) यांच्यात, कारण कागदावर दोन्हींचे कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सारखेच वाकलेले दिसतात. ‘टोकदार वळण म्हणजे घळ, गोलसर म्हणजे सोंड’ हा ट्रेकच्या ग्रुपवर फिरणारा नियम कृपा करून विसरा. सह्याद्रीत धारदार सोंडाही आहेत आणि पसरट घळीही. खात्रीची खूण एकच: वळणाचं टोक चढाकडे आहे की उताराकडे. १:५०,००० च्या शीटवर दर २० मीटरला एक रेषा असते आणि दर १०० मीटरला जाड रेषा. आकडा लिहिलेल्या दोन जाड रेषा शोधा, समजा २०० आणि ३००. मग मधल्या बारीक रेषांवरून बोट फिरवा. टोकं ३०० कडे आत घुसली असतील तर घळ, २०० कडे बाहेर आली असतील तर सोंड. घळ ओळखायला ओढ्याची निळी रेघ शोधत बसू नका. टोपोशीटवर कोरडे ओढे काळ्या रेघेनं काढतात, आणि आपल्या डोंगरांतले बहुतेक ओढे पावसाळा सरला की कोरडेच.

हा फरक चुकला तर उतरताना जिवावर बेततं. सोंडेला खाली जाता जाता फाटे फुटतात; फाटा चुकला तर भलत्या गावात उतराल, पण बहुधा परत चढून येता येतं. घळीत मात्र बेसॉल्ट खडकाच्या आडव्या थरांमुळे वाट अचानक धबधब्याच्या माथ्यावर संपते. तो कडा १५ मीटरचा असेल तर दोन कंटूरच्या मध्ये लपू शकतो, मग नकाशावर दिसतही नाही. म्हणून अनोळखी डोंगरावरून उतरायचं तर मी सोंडच निवडतो, आणि पावसात तर घळीचं नावही काढत नाही.

काळी-पांढरी झेरॉक्स तर मला बघवत नाही. तपकिरी कंटूर आणि काळे ओढे तिच्यात एकजीव होऊन जातात. रंगीत प्रिंट काढा, ‘फिट टू पेज’ बंद ठेवून, नाहीतर २ सेंटिमीटरला १ किलोमीटर हे माप बिघडतं. आणि हवा तेवढाच तुकडा कापून घेणार असाल, तर किमान दोन जाड रेषांचे आकडे त्यात राहू द्या. ते नसले तर चढ कुठल्या बाजूला आहे हेच त्या तुकड्यावरून कळत नाही.