रीफ टँकमधील प्रवाळकीड व तिचे निवारण

घरगुती रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ वाढवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, जिवंत प्रवाळ खाणाऱ्या किंवा त्याची जागा बळकावणाऱ्या लहान समुद्री जीवांना हौशी मंडळी सरसकट ‘पेस्ट’ (इंग्रजी pest, म्हणजे कीड) म्हणतात. चपटे कृमी, बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी, सूक्ष्म कवचधारी आणि नको असलेली समुद्रफुले हे त्यातले मुख्य प्रकार. हे जीव पाण्यात आपोआप उपजत नाहीत. नव्या फ्रॅगच्या (लावण्यासाठी तोडलेल्या प्रवाळाच्या तुकड्याच्या) बुडाशी किंवा लाइव्ह रॉकच्या (जीव वसलेल्या समुद्री दगडाच्या) भेगेत बसून ते घरात येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये ही गोष्ट चटकन पटते. इथल्या टँकचे पाणी म्हणजे आरओच्या पाण्यात विरघळवलेले तयार समुद्री मीठ. त्यात किडीचा मागमूस नसतो. जे काही येते ते मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून कसारा घाट चढून आलेल्या पिशवीतून, नाहीतर कुरिअरच्या थर्माकोलच्या खोक्यातून. वाट एकच असल्याने पहारा ठेवणे अवघड नाही, पण पिशवी फोडून फ्रॅग थेट मुख्य टँकमध्ये लावायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

पहारा म्हणजे डिप (औषधी पाण्यातली बुडी) आणि क्वारंटाइन (काही काळ वेगळ्या टँकमध्ये ठेवणे). पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टबात टँकचेच पाणी घेऊन त्यात आयोडीन, पोटॅशियम क्लोराइड किंवा बाजारात मिळणारे तयार द्रावण सांगितलेल्या प्रमाणात मिसळतात. फ्रॅग त्यात पाच ते पंधरा मिनिटे ठेवतात आणि मधूनमधून सुई नसलेल्या सिरिंजने फांद्यांवर पाण्याचा जोर मारतात. टब पांढरा घेण्याचे कारण तेव्हा कळते: जिथे काहीच दिसत नव्हते तिथून पातळ तपकिरी पापुद्रे सुटून तळाशी पडतात आणि आकसू लागतात. नंतर फ्रॅग दुसऱ्या स्वच्छ टबात खळबळून क्वारंटाइनच्या छोट्या टँकमध्ये जातो. डिपचे पाणी मुख्य टँकमध्ये कधीही ओतू नये.

हे पापुद्रे बहुधा ॲक्रोपोरा हा फांद्यांचा कठीण प्रवाळ खाणाऱ्या चपट्या कृमीचे असतात. शास्त्रज्ञांनी त्याचे रीतसर वर्णन २०११ साली केले. हौशी टँकमध्ये तो त्याआधीच बदनाम होता. ग्रेट बॅरिअर रीफवर, म्हणजे खऱ्या समुद्रात, तो त्यानंतर आढळला. प्रवाळाच्या ऊतीतली शैवाले पोटात गेल्यामुळे त्याला प्रवाळाचाच रंग येतो, म्हणून कृमीपेक्षा त्याने घेतलेल्या चाव्यांचे फिकट गोल डाग आधी दिसतात. खरी अडचण अंड्यांची. फांदीच्या बुडाशी, जिथे ऊती मरून सांगाडा उघडा पडलेला असतो, तिथे तपकिरी-सोनेरी अंड्यांचे पुंजके चिकटवलेले असतात आणि कोणताही डिप त्यांना भेदत नाही. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: पिठ्या ढेकूण सैल सालीखाली दडलेला असेल, तर साल काढल्याशिवाय फवारणीचा उपयोग होत नाही. इथेही अंडी ब्लेडने खरवडावी लागतात, आणि त्याहून बरे म्हणजे उघडे बूड कापून फांदी नव्या प्लगवर (प्रवाळ बसवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवणे.

२७ अंशांच्या आसपास ही अंडी साधारण दीड आठवड्यात फुटतात आणि नवी पिढी अंडी घालू लागायला महिन्याहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणून दर आठवड्याला एक डिप, असे किमान सहा आठवडे चालवावे लागते. थंड पाण्यात अंडी उशिरा फुटतात. नाशिकच्या हिवाळ्यात रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो. अशा वेळी क्वारंटाइन टँकला हीटर नसेल तर प्रवाळ आजारी पडतोच, शिवाय दिवसांचा हिशेबही चुकतो. माँटिपोरा हा दुसरा कठीण प्रवाळ खाणाऱ्या पांढऱ्या गोगलगायीचे गणितही असेच आहे, फक्त तिची अंडी पानासारख्या प्रवाळाच्या खालच्या बाजूला शोधावी लागतात.

ॲप्टेशिया हे काचेसारखे पारदर्शक समुद्रफूल प्रवाळ खात नाही, पण शेजाऱ्याला डंख मारते आणि भराभर पसरते. त्याला चिमट्याने ओढणे हा सर्वात वाईट उपाय, कारण दगडावर उरलेल्या बुडाच्या तुकड्यातून नवे फूल उगवते. पंप बंद करून तोंडावर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सोडणे हा जुना आणि चालणारा इलाज आहे. पानाच्या डबीतला चुना रसायन म्हणून तोच असला, तरी त्यातल्या मिसळीचा भरवसा नसतो, तेव्हा शुद्ध पूड आणावी आणि एका वेळी थोडीच फुले मारावीत, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. बर्गिया ही गोगलगाय ॲप्टेशियाशिवाय दुसरे काही खात नाही. पेपरमिंट कोळंबीही ॲप्टेशिया खाते, पण तिचा मूड सांभाळावा लागतो.

रेड बग हे अर्ध्या मिलिमीटरचे पिवळे कवचधारी कुत्र्यांच्या जंतनाशकातल्या मिल्बेमायसिनने मरतात, मात्र त्यासोबत टँकमधली कोळंबी व खेकडेही जातात. लाल प्लॅनेरिया (लहान लालसर चपटे कृमी) मोठ्या संख्येने एकदम मेल्या तर त्यांच्या विषाने मासे दगावू शकतात, म्हणून आधी बारीक नळीने त्या शोषून काढाव्यात आणि औषधानंतर ॲक्टिव्हेटेड कार्बन लावावा. काटेरी अळ्यांना बहुतेक जण विनाकारण घाबरतात. त्या उरलेसुरले अन्न साफ करतात. माशांच्या रोगांवरची तांबेयुक्त औषधे इथे वर्ज्य, ती प्रवाळालाच मारतात.

कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ पासून अनुसूची एकचे संरक्षण आहे. कागदपत्रांशिवाय ‘कोकणातला माल’ म्हणून मिळणारा तुकडा घेणे गुन्ह्यात मोडते, मग त्यावर कीड असो वा नसो.

सगळ्याला कंटाळून दगडच उकळून काढायचा विचार काहींच्या मनात येतो. त्यावर झोआंथिड (बटणासारखे दिसणारे मऊ, प्रवाळांचे नातलग जीव) वाढलेले असतील तर हे जिवावर बेतू शकते. त्यांच्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. ते वाफेबरोबर श्वासात जाऊन घरातली सगळी माणसे रुग्णालयात पोचल्याचे प्रकार परदेशात नोंदले गेले आहेत. असा दगड उकळू नये, बंद खोलीत घासू नये. हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा. ताप, खोकला, धाप ही लक्षणे साध्या फ्लूसारखी असल्याने डॉक्टरांना टँकचा उल्लेख आधी करावा.