प्रत्येक कंटेनरला जीपीएस असतो? नाही!

आयातदारांमध्ये वर्षानुवर्षं एक समज पक्का आहे: प्रत्येक कंटेनरला जीपीएस असतो, एजंटच मुद्दाम सांगत नाहीत. हे खरं नाही. काही रीफर (माल थंड ठेवणारे) आणि स्मार्ट कंटेनर सोडले तर ती निव्वळ पोलादी पेटी असते. न्हावा शेव्याहून मालगाडी दिल्लीजवळच्या दादरीला निघाली की रेल्वेच्या फॉइस या मालवाहतुकीच्या संगणक प्रणालीत माग राहतो तो रेकचा (म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या संचाचा) आणि वॅगनचा. कोणत्या वॅगनवर कोणता कंटेनर, हे लोडिंगच्या वेळी नोंदलं जातं. २०१६ पासून कंटेनरला लॉजिस्टिक्स डेटा बँक या कंटेनरचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेचा आरएफआयडी टॅगही (रेडिओ लहरींनी वाचला जाणारा) लागतो, पण त्याची नोंद तो वाचणाऱ्या यंत्रासमोरून, म्हणजे रीडरसमोरून गेल्यावरच होते. मधल्या प्रवासात तो गप्पच. त्यामुळे स्क्रीनवर तीच जुनी नोंद दिसली म्हणून कंटेनर हरवला असं कृपया समजू नका. आधी कंटेनर नंबरातली चार अक्षरं, सात अंक तपासा. शेवटचा अंक पडताळणीचा असतो, टायपिंगची चूक बहुधा तिथेच पकडली जाते.