शक्ती-तुऱ्याची गाणी: छाप, चाल आणि चोरी

‘आमचं गाणं उचललं’ ही तक्रार कोकणातल्या जाखडीला, म्हणजे शक्ती आणि तुरा या दोन पक्षांत रंगणाऱ्या सवाल-जवाबी नाच-गाण्याला, नवी नाही. पूर्वी गाणी वहीत असत आणि वही गुरूच्या ताब्यात. शेवटच्या कडव्यात गुरूचं, घराण्याचं आणि कवीचं नाव गुंफलेलं असे. ही छाप ऐकली की गाणं कुणाचं, ते वाडीला कळे.

घोळ आहे तो ‘चोरी’ या शब्दाचा. सिनेमाच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवणं शाहिरांना कधी चोरी वाटलं नाही. दुसऱ्याचे शब्द छाप गाळून गाणं मात्र अक्षम्य. कायद्याची मांडणी वेगळी आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ‘वाङ्मयचौर्य’ नावाचा गुन्हाच नाही. तिथे शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी, आणि दोन्हींना स्वतंत्र संरक्षण. कल्पनेला ते नाही, त्यामुळे राधा-कृष्णाच्या त्याच प्रसंगावर दहा गौळणी होऊ शकतात. हौशी मंडळाने फुकट बसलेल्या प्रेक्षकांपुढे गायलं तर सूट आहे. तिकीट लावलेल्या मुंबईतल्या प्रयोगाला ती लागू नाही. म्हणजे शाहीर ज्याला रीत समजतात तीच चाल कायद्याने अडचणीची ठरू शकते.

छापेच्या बाबतीत मात्र परंपरा आणि कायदा एकाच बाजूला आहेत, आणि हे पुरेसं सांगितलं जात नाही. कलम 57 नुसार हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा कवीचा अधिकार शाबूत राहतो. नोंदणीची सक्ती नाही; गाणं वहीत उतरलं की हक्क जन्मतो आणि कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

मोबाइल आल्यावर सगळं बिघडलं. चार मिनिटांच्या तुकड्यात नेमकं शेवटचं कडवं कापलं जातं. व्हिडिओच्या संकेतस्थळांवरची आपोआप चालणारी तपासणी आवाज जुळवते, वही बघत नाही. ज्याने ध्वनिमुद्रण आधी चढवलं तो दावा करून बसतो आणि मूळ कवीलाच खुलासा द्यावा लागतो. त्याच्या हातात पुरावा म्हणून उरते ती वही: पिवळी पडलेली पानं, कडव्यांचे आकडे लाल शाईत, खाली तारीख आणि सही. ज्या पानांवर तारीख नाही, तिथे गाणं आधी कुणी लिहिलं हे साक्षीदारांवर येऊन ठेपतं, आणि ते साक्षीदार बहुधा त्याच फडातले असतात.