ग्रेसफुल रिस्टार्ट

ग्रेसफुल रिस्टार्ट : राउटरमधील (नेटवर्कवरच्या माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, पुढे पाठवणाऱ्या यंत्रातील) राउटिंग प्रोटोकॉलचे (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या नियमांचे) सॉफ्टवेअर बंद पडून पुन्हा सुरू होत असताना त्या राउटरमधून जाणारी वाहतूक तुटू नये, म्हणून शेजारच्या राउटरांनी ठरावीक मुदतीपर्यंत त्याचे जुनेच मार्ग ग्राह्य धरण्याची पद्धत. नेटवर्कच्या कामात तिला थोडक्यात ‘जीआर’ म्हणतात. महाराष्ट्रात या दोन अक्षरांवरून आधी शासन निर्णय आठवतो, तेव्हा संदर्भ पाहून अर्थ लावावा लागतो.

राउटरच्या आत दोन निरनिराळी कामे चालतात. शेजाऱ्यांशी बोलणे, त्यांच्याकडून मार्गांची माहिती घेणे आणि त्यातून उत्तम मार्ग निवडणे हे काम प्रोसेसरवर चालणारे सॉफ्टवेअर करते. त्याला कंट्रोल प्लेन म्हणतात. आलेले पॅकेट कोणत्या पोर्टमधून बाहेर काढायचे हे काम फॉरवर्डिंग प्लेनचे असून मोठ्या राउटरांत ते खास चिप करते, आणि ही चिप फक्त तिच्यात उतरवलेली फॉरवर्डिंग टेबल, म्हणजे कोणत्या पत्त्याचे पॅकेट कुठे पाठवायचे याची यादी, वाचते. सॉफ्टवेअर कोसळले किंवा त्याची नवी आवृत्ती चढवण्यासाठी ते थांबवले, तरी शेवटची टेबल चिपमध्ये राहू दिली असेल तोवर पॅकेट पूर्वीसारखीच जात राहतात. लिनक्सवर हे उघड पाहता येते. बर्ड किंवा एफआरआर ही राउटिंगची सॉफ्टवेअर प्रणाली योग्य पर्याय देऊन चालवली असेल, तर ती बंद पडल्यावरही तिने कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) लिहिलेले मार्ग तसेच उरतात.

अडचण येते ती शेजाऱ्यांकडून. बीजीपी हा निरनिराळ्या संस्थांच्या नेटवर्कांमध्ये मार्गांची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल टीसीपी या खात्रीशीर जोडणीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो आणि हे टीसीपी सत्र तुटले, की शेजारी राउटर समोरचा मेला असे समजून त्याच्याकडून शिकलेले सर्व मार्ग काढून टाकतो आणि ही बातमी पुढच्या शेजाऱ्यांना कळवतो. मिनिटभराने सत्र परत जुळले, की तेच सगळे मार्ग पुन्हा सांगितले जातात आणि सगळीकडे पुन्हा निवड होते. इंटरनेटच्या पूर्ण टेबलमध्ये आयपीव्ही४ चे ९ लाखांहून अधिक मार्ग असल्याने ही उलथापालथ बराच वेळ चालते. पॅकेट पुढे नेण्याची ताकद शाबूत असलेल्या राउटरला केवळ तो काही क्षण गप्प झाला म्हणून वाळीत टाकले जाते, आणि हा प्रकार टाळणे हाच ग्रेसफुल रिस्टार्टचा हेतू आहे.

बीजीपीसाठीची पद्धत जानेवारी २००७ मध्ये आरएफसी ४७२४ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजात प्रमाणित झाली. सत्र उघडताना दोन्ही राउटर ओपन संदेशातून ६४ क्रमांकाची क्षमता जाहीर करतात आणि तीत आपल्याला परत यायला अंदाजे किती सेकंद लागतील हेही सांगतात. हा आकडा १२ बिटांत बसवायचा असल्याने ४०९५ सेकंदांच्या पुढे जात नाही. एफआरआरमध्ये तो मुळात १२० असतो. सत्र तुटल्यावर शेजारी त्या राउटरचे मार्ग काढत नाही, त्यांवर ‘शिळे’ अशी खूण करतो आणि वाहतूक त्याच मार्गांवरून चालू ठेवतो. मुदतीत सत्र जुळले नाही, तर शिळे मार्ग रद्द होतात.

परतलेला राउटर नव्या ओपन संदेशात दोन बिट पाठवतो. पहिला बिट ‘मी नुकताच पुन्हा सुरू झालो आहे’ असे सांगतो. हा नसता, तर एकाच वेळी रिस्टार्ट झालेले दोन शेजारी ‘आधी तू सांग’ असे म्हणत एकमेकांची वाट पाहत बसले असते. दुसरा बिट अधिक मोलाचा आहे, कारण मधल्या काळात आपली फॉरवर्डिंग टेबल खरोखर टिकून होती, याची ती कबुली असते. तो लावलेला नसेल, तर शेजाऱ्याने शिळे मार्ग तत्काळ काढावेत असा नियम आहे. त्यानंतर शेजारी आपले सर्व मार्ग सांगून झाल्यावर ‘संपले’ अशा अर्थाचा एक रिकामा अपडेट संदेश पाठवतो. साध्या आयपीव्ही४ साठी हा संदेश अवघा २३ बाइटांचा असतो, परंतु सगळी प्रक्रिया त्यावर अडलेली असते. परतलेला राउटर अशी खूण सर्व शेजाऱ्यांकडून येईपर्यंत, किंवा त्यासाठीची वेगळी मुदत संपेपर्यंत, मार्गांची निवड लांबणीवर टाकतो. मग निवड करून तो आपले मार्ग सांगतो आणि शेवटी स्वतःही तीच खूण पाठवतो, तेव्हा शेजारी उरलेसुरले शिळे मार्ग झाडून टाकतो.

मूळ नियमांत एक विचित्र गोष्ट राहून गेली होती. सॉफ्टवेअर रीतसर बंद केले, तर ते जाताना नोटिफिकेशन संदेश पाठवते, आणि तो मिळताच शेजारी सर्व मार्ग काढून टाकतो. प्रक्रिया धाडकन मारली, तर मात्र असा निरोप जात नाही आणि मार्ग टिकतात. म्हणजे सौम्य रिस्टार्टसाठी आडदांड उपायच कामी येत असे. बर्डमध्ये पुढे यासाठी स्वतंत्र आज्ञा आली, आणि २०१९ मधील आरएफसी ८५३८ ने नोटिफिकेशननंतरही मार्ग राखण्याची सोय करून खरोखरच संबंध तोडायचा असेल तेव्हासाठी ‘हार्ड रिसेट’ हा वेगळा संकेत ठेवला.

एकाच संस्थेच्या नेटवर्कमध्ये वापरल्या जाणाऱ्या आणि प्रत्येक राउटरकडे त्या नेटवर्कचा नकाशा ठेवणाऱ्या ओएसपीएफ या प्रोटोकॉलची पद्धत त्याआधीची, म्हणजे नोव्हेंबर २००३ मधील आरएफसी ३६२३ ची आहे, आणि तिची धाटणी वेगळी आहे. रिस्टार्ट नियोजित असेल, तर राउटर आधीच ग्रेस-एलएसए नावाचा संदेश शेजाऱ्यांना देतो आणि त्यात सवलतीची मुदत व कारण नोंदवतो. ही मुदत १८०० सेकंदांपेक्षा जास्त असू नये असा संकेत आहे. इथरनेटवर आपण जिवंत आहोत आणि कोणते शेजारी दिसतात हे सांगणारा हॅलो संदेश सहसा दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद तो आला नाही, तर शेजारी संबंध तोडतो. पण सवलत मान्य करून मदतनीस झालेला शेजारी ही शांतता मनावर न घेता जोडणी पूर्ण असल्याचेच इतरांना सांगत राहतो. अचानक कोसळलेला राउटर उठल्यावर पहिल्या हॅलोच्या आधी ग्रेस-एलएसए पाठवतो, कारण शेजाऱ्याचे नाव नसलेला हॅलो आधी पोहोचला, तर जोडणी तिथेच तुटेल. आयएस-आयएस आणि एलडीपी या इतर प्रोटोकॉलांसाठीही अशाच तरतुदी आहेत.

या सगळ्याची किंमत अशी, की रिस्टार्टच्या काळात तो राउटर गोठलेल्या नकाशावर चालतो. तेवढ्यात दुसरीकडे एखादी लिंक तुटली, तर त्याला ते कळत नाही आणि पॅकेट दोन राउटरांमध्ये फिरत राहतात किंवा नाहीशी होतात. म्हणून ओएसपीएफमध्ये नकाशा बदलल्याचे दिसताच मदतनीसाने मदत सोडावी असा नियम आहे. बीजीपीत एवढी सावधगिरी नाही. ग्राहकाकडे जाणारा एकच रस्ता ज्या राउटरमधून जातो, तिथे जीआर चालू ठेवावे, कारण तिथे दुसरा पर्यायच नसतो. समान ताकदीचे चार मार्ग हाताशी असतील, तर संशयास्पद राउटरला चिकटून राहण्यापेक्षा त्याला सोडून देणे बरे.

लिंकचा बिघाड सेकंदाच्या आत ओळखणाऱ्या बीएफडी या प्रोटोकॉलशीही याची गाठ पडते. बीएफडी जर कंट्रोल प्लेनच्याच प्रोसेसरवर चालत असेल, तर रिस्टार्ट होताच तेही गप्प होते, आणि त्या गप्पपणावरून वाहतूक थांबली असे मानता येत नाही. ते चिपवर स्वतंत्र चालत असेल, तर त्याचे गप्प होणे म्हणजे रस्ता खरोखर बंद. हा फरक शेजाऱ्याला कळावा म्हणून बीएफडीच्या पॅकेटमध्ये एक बिट राखून ठेवलेला आहे.

२०२३ च्या आरएफसी ९४९४ ने बीजीपीतील शिळे मार्ग अधिक काळ, पण अगदी शेवटचा पर्याय म्हणून, ठेवण्याची मुभा दिली. ही मुदत २४ बिटांत मोजली जात असल्याने कागदोपत्री ती १९४ दिवसांपर्यंत जाते. नॉन-स्टॉप राउटिंग ही मात्र निराळी गोष्ट आहे. तीत राखीव प्रोसेसरकडे टीसीपी सत्रासह सर्व स्थिती सतत उतरवली जाते आणि मुख्य प्रोसेसर बदलल्याचे शेजाऱ्याला कळतही नाही, त्यामुळे त्याच्या सहकार्याची गरज पडत नाही. त्यासाठी दोन प्रोसेसर असलेला महागडा राउटर लागतो, तर ग्रेसफुल रिस्टार्ट एकच प्रोसेसर असलेल्या साध्या यंत्रावरही चालते.