जेरुसलेमच्या पाट्या आणि अरबीचा जुना वाद

इस्रायलमधल्या पाट्यांवर अरबी हवी की नको हा वाद निघाला की लोक थेट हिब्रूला एकमेव राज्यभाषा करणाऱ्या २०१८ च्या कायद्यावर येतात. पण त्या मुलखात पाटीवरून भाषेचं राजकारण फार आधीपासून चालू आहे.

६६२ साली गॅलिली सरोवराजवळच्या हम्मत गादेर इथल्या स्नानगृहाची डागडुजी झाली, त्याचा शिलालेख सापडलाय. राज्य मुस्लिम खलिफाचं, भाषा ग्रीक, खलिफाची अरबी पदवीसुद्धा ग्रीक अक्षरांत, आणि सुरुवातीलाच चक्क क्रूस! तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नसावं, तिथले लोक ग्रीक वाचायचे.

जेमतेम तीस वर्षांत चित्र पालटलं. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉक या घुमटाच्या मुस्लिम वास्तूत कमानींवरून फिरणारी जवळपास २४० मीटरची पट्टी आहे, निळ्या-हिरव्यावर सोनेरी मोझेइक, हिजरी ७२ म्हणजे ६९१-९२ सालची, आणि पूर्ण अरबी. त्यात ख्रिश्चनांना थेट हाक मारलीय की ग्रंथवाल्यांनो, धर्मात अतिरेक करू नका, मरियमचा मुलगा इसा मसीहा हा देवाचा प्रेषित आणि त्याचा शब्द आहे, 'तीन' (म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) म्हणू नका. त्याच पट्टीत इसासाठी आशीर्वादही मागितलाय, आणि क्रूसावरच्या मृत्यूबद्दल मात्र अवाक्षर नाही. पुढे मुस्लिम पंडितांनी यावर ढीगभर ग्रंथ लिहिले, ख्रिश्चनांचे मेल्काइट, याकोबी, नेस्टोरियन असे पंथवार गट पाडून एकेकाचं खंडन केलं, बायबलचा मजकूरच बदलला की नुसता अर्थ फिरवला यावर आपसातही भांडले. पण ही पट्टी त्या सगळ्याच्या आधीची. ज्यांना उद्देशून लिहिलंय ते ग्रीक नाहीतर सिरियॅक (तिकडच्या ख्रिश्चनांची जुनी भाषा) वाचणारे, त्यामुळे मला तरी वाटतं की मजकूर कळो न कळो, आता राज्य कुणाचं हे सांगायचं काम नुसत्या लिपीनेच केलं. नंतरच्या घराण्यातल्या एका खलिफाने तिथे वास्तू बांधणाऱ्या खलिफाचं नाव काढून स्वतःचं दाटीवाटीने कोंबलं पण साल बदलायचं राहिलं, म्हणून चोरी पकडली गेली. क्रुसेडरांनी इमारतीचं चर्च केलं, वर क्रूस चढवला, तरी आतली अरबी तशीच ठेवली.

मधली शतकं सोडतो. १९२२ च्या ब्रिटिश मँडेटने (पॅलेस्टाइनचा कारभार ब्रिटिशांकडे देणारा दस्तऐवज) इंग्लिश, अरबी, हिब्रू तिन्ही अधिकृत केल्या आणि नाण्यांवर-स्टॅम्पांवर अरबी असेल ते हिब्रूतही आणि हिब्रू असेल ते अरबीतही हवं असं कलमच घातलं. त्याच सुमाराला घुमटाच्या टाइल्ससाठी आर्मेनियन कारागीर आणले, पण त्यांचं नाव झालं ते भांड्यांमुळे आणि गल्ल्यांच्या चिनीमातीच्या पाट्यांमुळे. जुन्या शहरात काही पाट्या आजही नीट बघितल्या तर अरबी आणि इंग्लिश एका चौकटीत दिसतात आणि वर हिब्रूची टाइल वेगळी जोडलेली. खालचं जुनं शहर जॉर्डनकडे होतं तेव्हाचं, वरचं १९६७ ला ते इस्रायलने घेतल्यानंतरचं.

१९४८ ला इस्रायल झाल्यावर इंग्लिशची सक्ती गेली, अरबीची कागदावर राहिली, रस्त्यावर मात्र बऱ्याच ठिकाणी नुसती हिब्रू आणि इंग्लिश. यावरच २००२ चं एक कोर्टाचं प्रकरण आहे. तेल अवीव-याफो, रामला, लोद आणि अप्पर नाझरेथ या ज्यू-अरब मिश्र वस्तीच्या शहरांनी सगळ्या पाट्यांवर अरबी लावावी म्हणून हक्क संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. पालिकांचं म्हणणं होतं की अरब मोहल्ल्यांत आणि मोठ्या रस्त्यांवर लावू, सगळीकडे कशाला? निकाल लागला २ विरुद्ध १, अरबीच्या बाजूने, पण बहुमतातल्या दोघांचंही कारण एक नव्हतं. एकाने मँडेटच्या जमान्यातल्या कलमावर बोट ठेवलं, दुसऱ्याने समानता आणि माणसाच्या सन्मानाचा तराजू लावला. तिसरा म्हणाला की पाटी वाचता न आल्याने कुणाचं काय अडलं ते दाखवा, आणि एका समाजाला सामूहिक भाषिक हक्क द्यायचा तर ते संसदेचं काम, कोर्टाचं नाही. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवरून कोर्टात गेलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. खरं सांगायचं तर हा विरोधी मुद्दा वाटतो तितका पोकळ नाही, पण अडचण सिद्ध करा ही अट हिब्रूला कधी कुणी घातली नाही हेही तितकंच खरं.

मग रशियनलाही द्यायची का पाटी, हा प्रश्न निकालात आलाच. उत्तर असं की अरबी ही तिथल्याच मोठ्या अल्पसंख्य समाजाची भाषा आहे, स्थलांतरितांची नाही. (लोद-रामल्यात आपले कोकणातून गेलेले बेने इस्रायलीही राहतात, या हिशेबाने मराठीला चान्स शून्य.)

२००९ मध्ये वाहतूक मंत्र्याने नवीनच टूम काढली, गावांची नावं तिन्ही लिप्यांत हिब्रू उच्चारानेच लिहायची, म्हणजे नाझरेथसाठी अरबीतही 'अन-नासिरा' न लिहिता 'नात्स्रत'. अरब नेते खवळले. जेरुसलेमच्या अरबी पाटीवर तोवरही अरब ख्रिश्चनांच्या बायबलातलं 'ऊर्शलीम' आधी होतं, आणि रोजच्या बोलण्यातलं 'अल-कुद्स' कंसात.

२०१८ च्या कायद्याने हिब्रू एकटी राज्यभाषा झाली आणि अरबीला 'विशेष दर्जा' दिला, वर आधी मिळालेल्या दर्जाला धक्का नाही असं उपकलमही ठेवलं. २०२१ मध्ये ११ पैकी १० न्यायाधीशांनी तो कायदा कायम ठेवला. विरोधात गेला तो त्या खंडपीठावरचा एकमेव अरब न्यायाधीश.